विश्वास ठेवला म्हणून निवड, की निवड झाली म्हणून विश्वास बसला?

एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "मी ख्रिस्ती घरात वाढले, दृढीकरणही झालं आहे. नोकरीसाठी पुण्यात असते. दोन-तीन वर्षांपासून काही इंग्रजी उपदेशकांची प्रवचनं ऐकते. ते म्हणतात, तारण (म्हणजे उद्धार) कोणाचं व्हायचं हे देवाने जगाच्या स्थापनेपूर्वीच ठरवलं आहे. मग 'विश्वास ठेव म्हणजे तुझं तारण होईल' याला अर्थ काय उरतो? माझे वडील दर रविवारी आजीला स्कूटरवरून चर्चच्या फाटकापर्यंत सोडायचे, आत कधी आले नाहीत. गेल्या वर्षी ते वारले. हल्ली मलाही प्रार्थनेत काही जाणवत नाही. मी निवडलेल्यांत नसेनच तर?"

ताई, मी नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमध्ये एकतीस वर्षं पाळक होतो, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा तरी कोणी ना कोणी विचारलेला आहे, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्यात तीन प्रश्न एकात एक गुंतलेले असतात. पहिला ईश्वरविज्ञानाचा: निवड आधी की विश्वास आधी? दुसरा स्वतःचा: मी आत आहे की बाहेर? तिसरा बहुधा शेवटच्या ओळीत, सहज लिहिल्यासारखा येतो: माझ्या माणसाचं काय झालं? तुमच्या बाबतीत तो स्कूटरच्या वाक्यात आहे. पहिल्याचं उत्तर दिलं की बाकीचे दोन आपोआप सुटतील असं विचारणाऱ्याला वाटतं. तसं होत नाही, हे मी अनुभवाने शिकलो.

दोन गोष्टी आधीच कबूल करतो. उत्तर कुठल्या मंडळीतून येतं यावर बरंच अवलंबून असतं. वसईचा कॅथलिक फादर, मेथडिस्ट पाळक आणि तुम्ही ऐकता ते, सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या वळणाचे उपदेशक एकच अध्याय उघडून तीन ठिकाणी जोर देतील, आणि तिघेही प्रामाणिक असतील. माझी स्वतःची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियातली. १९७० साली नागपूरला प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्टांची एक शाखा असे सगळे त्यात एकत्र आले. म्हणजे ज्यांचे पूर्वज याच प्रश्नावर दोनशे वर्षं भांडले, त्यांची नातवंडं आता एकाच बाकावर बसून प्रभुभोजन घेतात. त्यातल्या फार थोड्यांना त्या भांडणाची आठवण आहे. हे चांगलं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या मनःस्थितीची. प्रार्थनेत काही न जाणवणं, झोप न लागणं, 'आपण टाकलेले आहोत' ही एकच गोष्ट डोक्यात फिरत राहणं, हे वडील गेल्यानंतर सुरू झालं असेल तर त्यातला किती भाग शोकाचा आहे हे आधी पाहायला हवं. ते मला इथून दिसत नाही. याकडे मी परत येतो.

आता पहिला प्रश्न. लोकांना वाटतं की एका बाजूला 'सगळं देव करतो' म्हणणारे आणि दुसऱ्या बाजूला 'सगळं माणूस करतो' म्हणणारे आहेत. दुसरी बाजू पाचव्या शतकातच निकालात निघाली. पेलागियस नावाचा एक संन्यस्त वृत्तीचा उपदेशक शिकवत होता की माणसाने मनावर घेतलं तर तो देवाची आज्ञा पाळू शकतो. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन त्याच्या विरोधात उभा राहिला आणि ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची शिकवण नाकारली. पुढे ५२९ साली ओरांजच्या परिषदेने आणखी पुढे जाऊन सांगितलं की विश्वासाची नुसती सुरुवात, अगदी विश्वास ठेवावासा वाटणंसुद्धा, कृपेनेच होतं. त्याच परिषदेने हेही बजावलं की देवाने कोणाला वाइटासाठी नेमून ठेवलं आहे असं म्हणणाऱ्यांचा आम्ही धिक्कार करतो. हे दुसरं वाक्य तुमच्या उपदेशकांपैकी किती जण सांगतात, मला कुतूहल आहे.

तेव्हा कृपा आधी, यावर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघांचीही सही आहे. खरं भांडण त्याच्या पुढच्या पायरीवर आहे. एकाच बाकावर दोघे बसले, एकच संदेश ऐकला, एकाने विश्वास ठेवला आणि दुसऱ्याने नाही. हा फरक कुठून आला?

हॉलंडमध्ये अर्मिनियस नावाच्या ईश्वरविज्ञान्याचे अनुयायी १६१० साली म्हणाले: कृपा सर्वांना पुरेशी मिळते, पण ती नाकारता येते, कोण विश्वास धरील हे देवाला पूर्वज्ञानाने ठाऊक होतं आणि त्यांना त्याने निवडलं. डॉर्ट शहरात १६१८-१९ मध्ये भरलेल्या धर्मसभेने याला विरोध केला: निवड विश्वास पाहून होत नाही, विश्वास हेच निवडीचं फळ आहे. धर्मसुधारक लूथरच्या वारसांनी १५७७ मध्येच एक अर्धवट वाटणारं, पण मला फार आवडणारं उत्तर देऊन ठेवलं होतं. ज्याचं तारण होतं त्याचं सगळं श्रेय देवाला, ज्याचा नाश होतो त्याचा दोष त्याचा स्वतःचा, आणि या दोन वाक्यांना जोडणारं तिसरं वाक्य आम्ही लिहिणार नाही. कॅथलिकांनी ट्रेंटच्या परिषदेत १५४७ साली सांगितलं की विशेष प्रकटीकरण झाल्याशिवाय 'मी नक्की निवडलेल्यांत आहे' असं कोणी छातीठोकपणे म्हणू नये. इंग्लंडमध्ये मेथडिस्ट चळवळीचा प्रणेता वेस्ली आणि कॅल्व्हिनच्या बाजूचा उपदेशक व्हाइटफील्ड या दोन जिवलग मित्रांचं १७४० च्या आसपास याच विषयावरून जाहीर बिनसलं. तरी १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारल्यावर लंडनमध्ये त्याच्या स्मरणार्थ प्रवचन केलं ते वेस्लीनेच.

इतिहास इथे पुरे करतो. मी मंडळीत हे कसं समजावत आलो ते सांगतो, आणि त्यासाठी मला आपली मराठीच उपयोगी पडली.

मराठीत आपण दोन क्रियापदं वापरतो. 'मी त्याच्यावर विश्वास ठेवला' आणि 'माझा त्याच्यावर विश्वास बसला'. पहिल्यात कर्ता मी आहे. दुसऱ्यात मी कुठे आहे? विश्वास आपला आपण येऊन बसला. आता तुमच्या एखाद्या जवळच्या मैत्रिणीचा विचार करा. तिच्यावर तुमचा विश्वास बसला की तुम्ही ठेवला? ती वागलीच अशी की विश्वास बसला, हे खरं. आणि एखाद्या अवघड दिवशी मनात शंका असतानाही तुम्ही तो ठेवला, हेही तितकंच खरं. 'नक्की कोणतं आधी?' असं कोणी विचारलं तर तुम्ही हसाल. एकाच गोष्टीचं वर्णन एकदा तिच्या बाजूने केलं, एकदा तुमच्या.

नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, सोळावा अध्याय काढा. फिलिप्पै नावाचं एक गाव. प्रेषित पौल तिथे नदीकाठी बायकांशी बोलत बसला आहे. त्यात जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया आहे. तिच्याबद्दल लिहिलंय की प्रभूने तिचं अंतःकरण उघडलं. म्हणजे विश्वास बसला. थोड्याच दिवसांनी त्याच गावात, मध्यरात्री, भूकंपाने तुरुंगाची दारं उघडली आणि कैदी पळाले असं समजून तुरुंगाधिकारी तलवार उपसून जीव द्यायला निघाला. पौलाने त्याला थांबवल्यावर तो थरथरत विचारतो, "माझं तारण व्हावं म्हणून मी काय करावं?" पौल त्याला असं म्हणत नाही की आधी तुझी निवड झाली आहे का ते पाहू. तो म्हणतो, "प्रभू येशूवर विश्वास ठेव." ठेव! आज्ञार्थ. एकच गाव, एकच अध्याय, एकच लेखक, आणि दोन्ही क्रियापदं.

पुढे काही वर्षांनी त्याच फिलिप्पैच्या मंडळीला पौल पत्र लिहितो, त्यात दुसऱ्या अध्यायात दोन्ही बाजू एका दमात येतात: भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण तुमच्या ठायी इच्छा करणं आणि कृती करणं हे साधून देणारा तो देव आहे. ते पत्र मंडळीत मोठ्याने वाचलं गेलं तेव्हा तो तुरुंगाधिकारी ऐकत बसला असेल, असं मला नेहमी वाटत आलं आहे. त्या रात्री त्याला 'ठेव' एवढंच सांगितलं होतं. 'ठेवण्याची इच्छासुद्धा तुला दिली गेली होती' हे नंतर, शांतपणे, घरच्या माणसासारखं सांगितलं.

माझ्या मते सगळी मेख या क्रमात आहे. पवित्र शास्त्रात निवडीची गोष्ट जवळजवळ नेहमी मागे वळून सांगितलेली आहे, आणि ती आधीच विश्वास ठेवलेल्या लोकांना सांगितलेली आहे. इफिसच्या मंडळीला, थेस्सलनीकेच्या मंडळीला, वरच्या माडीवर शेवटच्या भोजनाला बसलेल्या शिष्यांना: "तुम्ही मला निवडलं नाही, मी तुम्हाला निवडलं." दारात उभ्या असलेल्या माणसाला 'थांब, यादीत नाव आहे का पाहतो' असं प्रभूने म्हटल्याचा एकही प्रसंग मला शुभवर्तमानांत सापडलेला नाही. उलट लूकच्या तेराव्या अध्यायात कोणीतरी विचारतो, "प्रभू, तारण होणारे थोडेच आहेत काय?" म्हणजे आकडा विचारतो. प्रभू आकडा सांगत नाही. अरुंद दरवाजाने आत जायचा नेटाने प्रयत्न कर, असं सांगतो.

तुरुंगाधिकाऱ्याला सांगायची गोष्ट आणि मंडळीला सांगायची गोष्ट यांची अदलाबदल केली की काय होतं, हे मी स्वतः केलेलं आहे. पाळकपणाची पहिली दोन-तीन वर्षं. सेमिनरीतून ताजा आलेलो. पौलाच्या रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायावर मी सलग तीन रविवार उपदेश केला: कुंभार, माती, मानाचं पात्र, अपमानाचं पात्र. तिसऱ्या रविवारनंतर एक म्हातारी बाई उपासनेला यायच्या थांबल्या. घरी गेलो तर चुलीपुढे बसून म्हणाल्या, "साहेब, सटवाईनं लिहिलेलं पुसायला म्हणून आमच्या सासूनं बाप्तिस्मा घेतला. आता तुम्ही म्हणता देवानंच लिहून ठेवलंय. मग बदललं काय?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आज देता येईल.

आपण मराठी माणसं 'देवाने आधीच नेमलं' असं ऐकलं की आपल्या कानात कपाळावरचा लेख वाजतो. पाचवीच्या रात्री सटवाई येते, लिहून जाते, मग काहीही करा. तो लेख लिहिणाऱ्याला माझ्याशी देणंघेणं नसतं. ललाटलेखात कोणी कोणाला हाक मारत नाही. बायबलमधली निवड हाकेने सुरू होते. "अब्राहामा, ऊठ, नीघ." आणि कशासाठी? तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वादित होतील म्हणून. एकाला निवडलं ते बाकीच्यांना टाकायला निवडलेलं नाही, बाकीच्यांपर्यंत पोचायला निवडलं.

'निवडणे' या शब्दाचीही गंमत आहे. आपल्या घरात निवडतात ते तांदूळ. सुपात घेऊन खडे बाहेर. साहजिकच निवड म्हटली की आपण स्वतःला सुपात पाहतो आणि विचारतो, मी दाणा की खडा? पण शेतकरी बियाणंही निवडतो. चांगली कणसं बाजूला काढून टांगून ठेवतो, ती खायला नाही, पेरायला. अब्राहामाची निवड या दुसऱ्या जातीची. (दाखला इथेच सोडतो, कारण पुढे तो लंगडतो. शेतकरी टपोरं कणीस पाहून निवडतो. जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात मोशे इस्राएलला स्पष्ट सांगतो की तुम्ही मोठे होता म्हणून देवाने निवडलं नाही, सगळ्यांत लहान होता. प्रीती केली म्हणून निवडलं. प्रीती का केली, याचं कारण दिलेलं नाही.)

मी ज्या नवव्या अध्यायाने त्या बाईंना पळवलं त्याची सुरुवात मी वाचून दाखवली होती, पण तिच्याकडे पाहिलं नव्हतं. याकोब आणि एसाव हे जुळे भाऊ, मिसरचा राजा फारो, कुंभार या सगळ्याच्या आधी पौल म्हणतो, मला मोठा खेद आहे, अंतःकरणात सतत वेदना आहे. माझ्या बांधवांसाठी मी स्वतः ख्रिस्तापासून तोडला जायलाही तयार आहे. निवडीवरचा बायबलमधला सगळ्यात कठीण मजकूर आपल्या नातलगांसाठी रडणाऱ्या माणसाने लिहिलाय. दहाव्या अध्यायात तो त्यांच्यासाठी प्रार्थना करतो आणि तिथेच म्हणतो, जो कोणी प्रभूचा धावा करील त्याचं तारण होईल. अकराव्याच्या शेवटी म्हणतो, देवाने सर्वांना आज्ञाभंगात कोंडून ठेवलं ते सर्वांवर दया करावी म्हणून. आणि मग हात टेकतो, देवाचे मार्ग किती अगम्य! नववा अध्याय एकटा वाचणं म्हणजे लग्नाच्या बोलणीतून भांडण सुरू असताना उठून येण्यासारखं आहे.

याचा अर्थ कठीण भाग नाहीसा झाला असा नाही. 'एसावाचा मी द्वेष केला' हे पौलाने तिथे घेतलेलं मलाखी संदेष्ट्याचं वाक्य मुळात दोन राष्ट्रांबद्दल आहे, व्यक्तीच्या स्वर्ग-नरकाबद्दल नाही, असं मी पुष्कळ वेळा सांगितलं आहे. पण फारोबद्दल पौल जे म्हणतो ते एका माणसाबद्दलच आहे, आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायात 'जितके सार्वकालिक जीवनासाठी नेमलेले होते तितक्यांनी विश्वास ठेवला' असं सरळ लिहिलंय. कॅल्व्हिनच्या बाजूचे लोक ही वचनं स्वतःच्या मनाने तयार करत नाहीत. तसंच, सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे, हे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वचन वेस्लीने तयार केलेलं नाही. माझा स्वतःचा कल सांगायचा तर तो ओरांजच्या परिषदेकडे आणि १५७७ च्या त्या न लिहिलेल्या तिसऱ्या वाक्याकडे. माझा विश्वास हे देवाचं दान आहे, यात मला शंका नाही. मी स्वतःला चांगला ओळखतो. पण त्यावरून उलटं गणित मांडून 'ज्याला विश्वास नाही त्याला देवाने मुद्दाम दिला नाही' असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तर्क अर्धा राहतो हे मान्य. तो पुरा करण्यासाठी मला जे बोलावं लागेल ते क्रूसाकडे पाहून बोलता येत नाही.

आता दुसरा प्रश्न: मी आत की बाहेर?

ज्या कॅल्व्हिनच्या नावाने हे सगळं सांगितलं जातं, त्याचाच आधार घेऊ. त्याच्या मुख्य ग्रंथाची शेवटची, १५५९ ची आवृत्ती पाहिली तर पूर्वनियोजनाचा विषय पहिल्या पानांवर नाही. विश्वास, पश्चात्ताप, प्रार्थना एवढं सगळं झाल्यावर तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटाकडे तो येतो. आणि तिथेही तो बजावतो की देवाच्या गुप्त संकल्पात परस्पर शिरू पाहणारा माणूस बाहेर पडायची वाट नसलेल्या चक्रव्यूहात अडकतो. मग निवड पाहायची कुठे? तो म्हणतो, ख्रिस्त हा आरसा आहे, त्यात पाहा. डॉर्टच्या सभेची ख्याती कडक म्हणून. पण तिच्याच पहिल्या प्रकरणात एक कलम आहे, सोळावं. ज्यांना जिवंत विश्वास, मनाची शांती अजून ठळकपणे जाणवत नाही, पण जे वचन, प्रार्थना, मंडळी ही साधनं धरून आहेत, त्यांनी त्यागाचा, म्हणजे देवाने काहींना टाकलं आहे या शिकवणीचा, उल्लेख ऐकून घाबरू नये आणि स्वतःला त्यागलेल्यांत मोजू नये, असं त्यात आहे. कारण मिणमिणती वात तो विझवणार नाही. ताई, तुम्ही ऐकलेल्या प्रवचनांत हे कलम आलं होतं का?

हे न ऐकल्याने काय होतं याचं एक उदाहरण मी कधी विसरत नाही. अठराव्या शतकातला इंग्रज कवी विल्यम कूपर. गुलामांच्या जहाजावरून येऊन पाळक झालेला जॉन न्यूटन त्याचा मित्र, शेजारी. दोघांनी मिळून लिहिलेली गीतं आजही चर्चमध्ये गातात. १७७३ मध्ये कूपरला एक भयंकर स्वप्न पडलं आणि त्याची खात्री झाली की देवाने आपल्याला कायमचं टाकलं आहे. न्यूटनने वर्षानुवर्षं समजावलं. उपयोग झाला नाही. १८०० साली तो त्याच निराशेत वारला, त्याआधीची सव्वीस-सत्तावीस वर्षं तो उपासनेला गेला नाही. आज आपण म्हणू की तो माणूस आजारी होता, आणि ते खरंच आहे. त्याला तसले झटके त्याआधीही आले होते. पण आजाराने बोलायला भाषा मात्र या सिद्धांताची उचलली. म्हणून सुरुवातीला झोपेचा विषय काढला. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कामावर लक्ष लागत नसेल, तर पाळकाच्या बरोबरीने डॉक्टरलाही भेटा. त्यात विश्वासाची कमतरता काही नाही. मी स्वतः तीन जणांना घेऊन गेलेलो आहे.

आणि 'काही जाणवत नाही' याबद्दल: जाणवणं म्हणजे विश्वास नव्हे. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पवित्र आत्म्याला आपल्या मराठी बायबलने 'विसार' म्हटलंय. जमीन घेताना सौदा पक्का करायला देतो तो विसार. विसार दिल्यावर रोज बांधावर जाऊन जमीन आपली झाल्यासारखी वाटते का, असं कोणी पाहत नाही. शब्द देणारा कोण आहे यावर सौदा उभा असतो. (तारण या शब्दावर बँकवाल्यांनी कब्जा केला हे वेगळं. 'सोने तारण कर्ज' अशी पाटी पाहून माझा नातू विचारायचा, आजोबा, हे आपलंच का?)

ज्याला खरोखर टाकून दिलेलं आहे तो रात्री जागून 'मी निवडलेला नसेन तर?' असं विचारत नाही, असं मी पुष्कळांना सांगत आलो. हा पुरावा नाही, पाळकाचा अनुभव आहे. पण 'माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत कर' असं ओरडणाऱ्या बापाला प्रभूने परत पाठवलं नाही, त्याचा मुलगा बरा केला. हे मात्र मार्कने लिहिलेलं आहे, नवव्या अध्यायात.

एक शंका तुम्ही विचारली नाही, पण ती याच झाडाची फांदी आहे: सगळं ठरलेलंच असेल तर सांगायचं कशाला? याचं उत्तर मला पुस्तकात शोधावं लागत नाही, कारण आमच्या भागातल्या मंडळ्याच त्याचं उत्तर आहेत. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट न्यू इंग्लंडच्या कॅल्व्हिनी परंपरेत वाढलेले. बंगालमधल्या श्रीरामपूरला बसून मराठी व्याकरण लिहिणारा आणि १८११ मध्ये मराठी नवा करार छापवून घेणारा विल्यम केरी, तोही निवड मानणाऱ्या बॅप्टिस्टांपैकीच. निवडीवरच्या विश्वासाने हे लोक घरी स्वस्थ बसले नाहीत. करिंथात घाबरलेल्या पौलाला प्रभू रात्री म्हणाला होता, बोलत राहा, कारण या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत. त्यांनी निवडीचा अर्थ असा घेतला: कोण आहेत ते आपल्याला माहीत नाही, पण आहेत, तेव्हा चला. हॉल तर १८२६ मध्ये इथेच वारला, आणि तोवर त्याच्या डोळ्यांसमोर फळ म्हणावं असं फारच थोडं आलं होतं.

राहिले तुमचे वडील.

इथे मी तुम्हाला दाखला लिहून देऊ शकत नाही, ना या बाजूचा ना त्या. मूठमाती देताना मी शेकडो वेळा उभा राहिलो आहे, आणि मंडळीला ज्यांच्याबद्दल खात्री होती अशांच्या वेळीही मी निकाल सांगितला नाही. देवाच्या दयेवर सोपवलं. आमचा अधिकार तेवढाच. योहानाच्या अगदी शेवटी पेत्र दुसऱ्या शिष्याकडे बोट दाखवून विचारतो, "प्रभू, ह्याचं काय?" उत्तर येतं, "त्याचं तुला काय? तू माझ्यामागे ये." वाचताना ते तुटक वाटतं. वडील गेलेल्या मुलीला तर फारच. पण त्यात एक मोकळीकही आहे. हा हिशेब आता तुमच्याकडे नाही, ज्याच्याकडे आहे त्याला अब्राहामाने तोंडावर विचारलं होतं, सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय? आणि तो रागावला नाही. फाटकाशी स्कूटर लावून उभ्या राहणाऱ्या माणसाने आतली गीतं किती ऐकली, त्यातलं काय कुठे जाऊन बसलं, शेवटच्या दिवसांत काय झालं, हे मला माहीत नाही, तुम्हालाही पूर्ण माहीत नाही. त्याच्यासाठी रडणं विश्वासाच्या विरोधात नाही. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायाची सुरुवात पुन्हा वाचा.

सध्या ती प्रवचनं महिनाभर बाजूला ठेवा असं मी सुचवेन. ती खोटी आहेत म्हणून नव्हे, तुमची वेळ नाही म्हणून. रोमकरांस पत्राचे नववा ते अकरावा हे अध्याय एका बैठकीत, मराठीत, मोठ्याने वाचा. अर्धा तासही लागत नाही. प्रार्थना जमत नसेल तर तेराव्या स्तोत्राने करा, "हे परमेश्वरा, कोठवर?" असा त्याचा सूर आहे आणि तेही प्रार्थनेतच मोजलं जातं.

आणि एक विचारायचं राहिलं. आजी अजून आहेत का? असतील तर आता त्यांना रविवारी चर्चला कोण सोडतं? पुण्याहून जाणं दर आठवड्याला जमणार नाही, पण या रविवारी जाऊन तुम्ही सोडा. फाटकाशी थांबायचं की आत जायचं, ते तिथे गेल्यावर पाहा.